मदत हवी आहे: वानखडे की वानखेडे?

राम राम मंडळी. दर्यापूर तालुक्यातून लिहितो. आमचं आडनाव वानखडे. पुतणीच्या जात पडताळणीसाठी जुने कागद काढले अन् घोळ समोर आला. आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीजमध्ये वानखडे, सातबारावर वानखेडे, आणि कोतवाल बुकात (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत) तर आडनावच नाही! मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, संपलं.

म्हातारे सांगतात, आपण मूळचे बुलढाणा जिल्ह्यातल्या वानखेडचे, तिकडे संग्रामपूर तालुक्यात. मला ते पटतं. गाव सोडून दुसरीकडे वस्ती केली की जुन्या गावाचं नाव माणसाला चिकटायचंच. म्हणून तर वानखडे कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. नुसत्या आडनावावरून जात सांगणारे मला हुशार वाटत नाहीत. मुंबईचं स्टेडियमही आपल्या विदर्भातल्याच शेषराव वानखेडेंच्या नावाचं, पण तिथं 'खे' आहे.

आता विचारायचं ते असं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या पोथीत वानखेडहून आल्याची नोंद आहे का? असेल तर कुलदैवत कोणतं लिहिलंय? आमच्याकडे भाट येणं कधीच बंद झालं, त्यामुळे वंशावळ पणजोबांपाशी अडते. आणि वानखडे-वानखेडे एकच, हे पडताळणीत कोणी कसं दाखवलं? प्रतिज्ञापत्रावर भागलं, की राजपत्रात नाव बदलावं लागलं? अमरावती-अकोल्याकडच्या लोकांनी जरूर सांगा, तारीख जवळ आली आहे.