लक्झेंबर्ग: शिकायला आणि फिरायला कितपत सोयीचं?

मुशाफिर
लक्झेंबर्ग विद्यापीठात इंग्रजीतून मास्टर्स करायचं तर फी, व्हिसा आणि राहण्याचं गणित कसं बसतं? फी इतकी कमी दिसते की कुठेतरी मेख असणार असं वाटतं. दुसरा प्रश्न नुसत्या पर्यटनाचा. हा देश एका दिवसात उरकण्यासारखा आहे की तीन-चार दिवस काढावेत? गाडी चालवायची नाही. पासपोर्ट भारतीय.

बेल्व्हालकर
मेख फीमध्ये नाही, खोलीत आहे.

विद्यापीठ सरकारी आहे, २००३ साली सुरू झालेलं, म्हणून फी नाममात्र. बॅचलर्सला पहिल्या दोन सेमिस्टरना प्रत्येकी ४०० युरो, पुढे २००. बहुतेक मास्टर्सना सेमिस्टरला २००. काही अपवाद बरेच महाग आहेत, तेव्हा आपल्या अभ्यासक्रमाचं पान उघडून खात्री करा. त्याच पानावर भाषेची ओळही नीट वाचा. 'इंग्रजी' असं लिहिलेलं असेल तर ठीक. 'इंग्रजी-फ्रेंच' असेल तर फ्रेंचमधली लेक्चर्स चुकवता येत नाहीत. प्रवेश मिळाल्यावर हे कळलं तर पंचाईत होते.

आता खोली. बहुतेक विभाग राजधानीत नसून दक्षिणेला एश-सुर-आल्झेटजवळच्या बेल्व्हालला आहेत. जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर हा परिसर उभा राहिलाय, दोन प्रचंड ब्लास्ट फर्नेस (लोखंड गाळायच्या भट्ट्या) अजून तिथेच आहेत. कायदा आणि फायनान्सवाले मात्र राजधानीत. आधी आपले वर्ग कुठे भरतात ते विचारा, मग खोली शोधा. बेल्व्हाल असेल तर राजधानीतलं भाडं भरण्यात काही अर्थ नाही. डिफरडांज, पेटांज, एश ही गावं त्याच रेल्वेमार्गावर आहेत आणि रेल्वे फुकट आहे.

विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहं आहेत, पण खोल्या कमी आणि मागणारे जास्त. प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करा. खाजगी खोली घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. १ ऑगस्ट २०२४ पासून डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याएवढंच घेता येतं आणि एजंटची फी मालक-भाडेकरूत निम्मी-निम्मी वाटली जाते. कुणी तीन महिन्यांचं मागत असेल तर जुना नियम सांगतोय किंवा तुम्हाला नवखे समजतोय. दुसरं, 'या पत्त्यावर कम्यूनमध्ये (म्हणजे स्थानिक पालिकेत) नोंदणी करता येईल ना?' याचं उत्तर पैसे देण्याआधी लेखी घ्या. नोंदणी नसेल तर पुढची सगळी कागदपत्रं अडतात.

शिक्कामोर्तब
व्हिसाचं सांगतो. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

लक्झेंबर्गला आधी 'तात्पुरत्या वास्तव्याची परवानगी' लागते, व्हिसा त्यानंतर. ही परवानगी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून मागायची आणि ती देशात पाऊल ठेवण्याआधी हातात हवी. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथूनच अर्ज करू म्हणाल तर तो विचारातच घेतला जात नाही. सोबत जोडायचं: संपूर्ण पासपोर्टची प्रमाणित प्रत (फोटोचं एकच पान नव्हे, कोरी पानंसुद्धा), प्रवेशपत्र, आरोग्य विमा आणि पैशांचा पुरावा. कागद इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमध्ये नसतील तर अधिकृत भाषांतर हवं.

पैशांचा आकडा कुणाच्या जुन्या ब्लॉगवरून उचलू नका. तिथल्या 'रेविस' या सामाजिक भत्त्याच्या ८० टक्के रक्कम दरमहा दाखवावी लागते, आणि तो भत्ता महागाई निर्देशांकाला जोडलेला असल्याने वाढत राहतो. अर्जाच्या आठवड्यात ताजा आकडा बघा आणि थोडे वरचेच दाखवा. स्कॉलरशिप, बँक खातं किंवा जामीनदार, तिन्ही चालतात.

परवानगी ९० दिवस वैध असते. त्या मुदतीत डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) घेऊन पोहोचायचं. पोहोचल्यावर तीन कामाच्या दिवसांत कम्यूनमध्ये हजेरी, मग डॉक्टरांची तपासणी आणि क्षयरोगाची चाचणी, आणि तीन महिन्यांच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. त्याचे ८० युरो. तपासणीची अपॉइंटमेंट पहिल्याच आठवड्यात घ्या. तीन महिने पुष्कळ वाटतात, पण रिपोर्ट हातात येऊन अर्ज दाखल होईपर्यंत कसे सरतात कळत नाही.

पायपीट
फिरण्यापुरतं: एका दिवसात 'उरकणारे' फक्त राजधानीचा वरचा भाग बघून परततात. गाडी नसणाऱ्यांसाठी तर हा देश फारच सोयीचा. २०२० पासून देशभर बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग फुकट आहे, पर्यटकांनाही. तिकीट काढायचं नाही, पासही नाही. पहिल्या वर्गाच्या डब्यात चुकून बसलात तर मात्र तिकीट लागतं, डब्यावरचा '१' बघून चढा.

चार दिवस ठेवा आणि मुक्काम एकाच जागी करा. देश जेमतेम २,५८६ चौरस किलोमीटरचा, रोज सामान हलवायची गरजच नाही.

राजधानीला पूर्ण दिवस. जुनं शहर आणि तटबंदी १९९४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बोक कड्यातले भुयारी मार्ग, तिथून कॉर्निश या कड्याकाठच्या वाटेवरून खाली ग्रुंडची वस्ती. मग वर येऊन फाफेनथालची काचेची लिफ्ट धरा: ७१ मीटर खाली, थेट दरीत. वस्तीतून थोडं चालत गेलं की फ्युनिक्युलर (चढावरची दोरखंडाची रेल्वे) मिळते, ती लाल पुलापाशी किर्शबर्गला चढवते, आणि तिथून ट्रामने परत. लिफ्ट, फ्युनिक्युलर, ट्राम, सगळं फुकट. शहर दरीत नेमकं कसं बसलंय ते या फेरीत कळतं, टूर बसमधून नाही.

दुसरा दिवस म्युलरथाल या खडकाळ जंगलाच्या भागाचा. बसने एश्टरनाख, तिथून वोल्फ्सश्लुख्टच्या घळीमधून चालत बेर्डोर्फ, आणि बेर्डोर्फहून बसने परत. पूर्ण पायवाट ११२ किलोमीटरची आहे, हा तिचा सगळ्यात भरीव तुकडा. वालुकाश्माच्या फटी इतक्या अरुंद की पाठीवरची मोठी सॅक काढून हातात घ्यावी लागते. पावसानंतर पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत.

तिसरा दिवस व्हियांडनचा किल्ला. तिथे रेल्वे जात नाही. एटेलब्रुकपर्यंत रेल्वे, पुढे बस. रविवारी गावाकडच्या बस विरळ होतात, म्हणून परतीची वेळ जातानाच मोबिलिटेइटच्या (सार्वजनिक वाहतुकीच्या) अ‍ॅपवर बघून ठेवा. चौथा दिवस उरला तर एश आणि बेल्व्हाल, नाहीतर सरळ आराम.

हॉटेलची एक खुबी. एप्रिल, जून आणि ऑक्टोबरमध्ये युरोपियन युनियनच्या मंत्र्यांच्या बैठका ब्रसेल्सऐवजी इथे भरतात. त्या महिन्यांत सोमवार ते गुरुवार खोल्या महागतात. शुक्रवार ते सोमवार बघा. शेंगेन व्हिसाचा अर्ज लक्झेंबर्गकडे तेव्हाच, जेव्हा सगळ्यात जास्त दिवस तिथे असतील. पॅरिसला पाच दिवस आणि इथे चार असतील तर अर्ज फ्रान्सकडे.

शाकाहारी असाल तर क्निडेलन (पिठाचे उकडलेले गोळे) मागवताना विचारा, वर बेकनचे तुकडे घालायची पद्धत आहे. जत्रेतले बटाट्याचे ग्रोम्परेकिशेल्शर चालतील, पण त्यात अंडं असतं.

मुशाफिर
खूपच उपयोगी. राहायला सीमेपलीकडे जर्मनीतलं ट्रियर किंवा फ्रान्समधलं थियोंव्हिल स्वस्त पडतं असं ऐकलंय. तो मार्ग कसा? आणि शिकताना कामाचं काय?

शिक्कामोर्तब
रोज दोन लाखांहून जास्त लोक सीमेपलीकडून कामाला येतात, त्यावरून ही कल्पना सुचते. ते बहुतेक युरोपियन नागरिक असतात. तुमचं विद्यार्थी परमिट लक्झेंबर्गमध्ये राहण्याचं आहे. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये घर करायला त्या देशाचा परवाना लागेल आणि इथलं परमिटही धोक्यात येईल. शिवाय फुकट प्रवास सीमेवर संपतो. ट्रियरला नुसतं फिरायला जातानाही पलीकडच्या टप्प्याचं तिकीट आधी काढावं लागतं.

बेल्व्हालकर
कामाला महिन्याच्या सरासरीने आठवड्याला १५ तासांची मर्यादा आहे. पण तास असून काम मिळेलच असं नाही: दुकान, कॅफे, स्वागतकक्ष सगळीकडे फ्रेंच लागते. इंग्रजीवर भागेल अशी कामं मुख्यतः विद्यापीठातच, म्हणून खर्चाच्या हिशेबात पगार धरू नका, मिळाला तर वरकड. निघण्याआधी ए२ (रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या) पातळीपर्यंत फ्रेंच केलीत तर दुसऱ्या सेमिस्टरपासून फरक पडतो.

पदवीनंतर नोकरी शोधायला नऊ महिन्यांचं परमिट मिळतं. त्याचा अर्ज विद्यार्थी परमिट संपायच्या आत करायचा असतो, आणि निकाल नेमका त्याच सुमाराला लागतो. परमिटवरची तारीख पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर टाका आणि शेवटच्या सेमिस्टरमध्ये निकालाची तारीख कार्यालयाकडून विचारून घ्या.