वॉच आणि वॉर्निंग मध्ये नक्की फरक काय?

मुलगी डॅलसला शिकायला गेलीय, काल तिच्या फोनवर टोर्नॅडोचं (भोवऱ्यासारखं फिरणारं वादळ) वॉच आलं, मी घाबरून म्हटलं आधी घरात खाली जा तर म्हणते आई ही वॉर्निंग नाहीये. दोन्ही सावध करणंच ना?

— ताई, वॉच म्हणजे वादळाला पोषक हवा आहे, लक्ष ठेवा. वॉर्निंग म्हणजे वादळ दिसलंय किंवा रडारवर सापडलंय, तेव्हा लगेच सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या खोलीत. हे तिच्याकडून पाठ करून घ्याच.

— आपल्या हवामान खात्याचंही तसंच, यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज तयारीत रहा, रेड म्हणजे हालचाल करा. सावध करण्याचे बाकी इंग्रजी शब्द म्हणशील तर फोरवॉर्न म्हणजे आधीच बजावणं, कॉशन जरा सौम्य. हेड्सअप, म्हणजे आधी कल्पना देणं, मित्राला चालतं, पण त्यात धोका असेलच असं नाही.