प्रतिसाद: तरुणांना शांतता समितीत घ्यावं का?

गोव्यातल्या 'प्रत्येक गावच्या शांतता समितीत (सणांत धर्माधर्मांत तंटा होऊ नये म्हणून पोलीस बसवतात ती) दोन तरुण घ्या' अशी सूचना इथे आली आहे. ती चांगली आहे, पण अपुरी वाटते. चतुर्थी किंवा शिगमो (गोव्यातला शिमगा) जवळ आला की पोलीस स्टेशनवर बैठक, चहा, सह्या, संपलं. तिथे दोन पोरं नेऊन बसवली तर फक्त खुर्च्या वाढतील.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीवर, म्हणजे गावातल्या तंट्यात कोर्टाबाहेर समेट घडवण्यावर, स्वतंत्र प्रकरण आहे. दोन्ही बाजूंची आधी संमती आणि तीन मध्यस्थ. मात्र झालेला समझोता कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येत नाही. म्हणजे सगळी भिस्त गावात कोणाच्या शब्दाला मान आहे यावर, आणि तो मान म्हाताऱ्यांकडेच असतो.

मग पोरांनी काय करावं? बैठकीच्या आधीचं काम. मिरवणूक, लाउडस्पीकर, पार्किंग, भांडणं इथूनच पेटतात. एक हिंदू, एक ख्रिस्ती, एक मुसलमान अशा तिघांनी मिळून रस्ता चालून यावं, चर्च-मशिदीच्या वेळा विचाराव्यात, ढोल कुठून कुठपर्यंत बंद ते कागदावर उतरवावं. व्हॉट्सॲपवर फिरणारा जुना व्हिडिओ ओळखणं तर त्यांनाच जमतं.

शिवोलीच्या जागोरात (रात्री जागून करायच्या लोकनाट्यात) हिंदू-ख्रिस्ती एकत्र असतातच, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्तालाही, म्हणजे चर्चच्या जत्रेलाही, हिंदू जातात. ओळखी आहेत. फक्त परप्रांतातून आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या मुसलमान कुटुंबांना त्यात कोणी धरत नाही. पहिला तरुण तिथून घ्या.