गावात ईईजी घेताना: महिना, तेल आणि संमती
वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यात शेतकऱ्यांचा ईईजी (टाळूवरून टिपलेल्या मेंदूतल्या विजेच्या लहरी) नोंदवायचाय आणि मे महिन्यात लोक मोकळे असतात म्हणून तोच धरलाय, असं तुम्ही लिहिलंय. दादा, मे नकोच. त्या उन्हात टाळूला घाम सुटतो आणि नोंदीची रेघ वरखाली वाहत राहते. ऐन कापूस वेचणीतली संध्याकाळही नको. दिवसभर वाकून दमलेल्या बाईने डोळे मिटले की डुलकीच लागते. वेचणी सरत आली की फेब्रुवारीतली सकाळ बघा.

डोक्याला तेल न लावता, केस धुऊन या, हा निरोप आशाताईंकडून आदल्या दिवशी घरोघरी जाऊ द्या. तेलकट टाळूवर इम्पिडन्स, म्हणजे टाळू आणि टोपीतले इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा, खाली येत नाही. भांग पाडून, स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसून मगच इलेक्ट्रोडखाली जेल भरा. विजेचा ५० हर्ट्झचा गोंगाट टाळायला यंत्र बॅटरीवर चालवा, कूलर बंद ठेवा. मग डोळे मिटायला सांगा. डोक्याच्या मागच्या भागात ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी दिसल्या, तर बहुतेक जुळणी ठीक आहे. (काही निरोगी माणसांत त्या फार पुसट असतात, त्यांना वगळू नका.)

संमतीला मात्र घाई करू नका. "करंट तं नाही लागत ना जी?" हा प्रश्न येणारच. यंत्र डोक्यात काही सोडत नाही, फक्त टिपतं, हे टोपी हातात देऊन सांगा. अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार लागतो, आणि तो सरपंच किंवा शेतमालक नसावा. त्यांच्यासमोर नाही म्हणायची हिंमत मजुराला होत नाही.