जतच्या शेततळ्यात कालवांची शेती होईल काय?

प्रश्न (जत, जि. सांगली) :
आमच्याकडे कालवा म्हणजे म्हैसाळ योजनेचा पाट. ‘कालव’, म्हणजे इंग्रजीत ऑयस्टर, हा शिंपल्यासारखा जीव मला नवीन आहे. डाळिंबाच्या बागेसाठी खोदलेल्या आमच्या शेततळ्यात सात-आठ महिने पाणी टिकते. एका कंपनीचा माणूस ‘ऑयस्टर शेती करा, मोती आम्हीच परत घेऊ’ असे सांगून आगाऊ रक्कम मागत आहे. या धंद्याला भवितव्य आहे काय?

उत्तर (मूळचा मालवणचा, सध्या मिरज) :
दादा, कालव हा खाडीचा जीव असून त्याला भरती-ओहोटीचे निमखारे पाणी लागते, त्यामुळे आपल्या तळ्यात ते जगणार नाही. आमच्या गावी सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी बायका खडकावरची कालवे फोडायला जातात आणि कवचाची धार अशी असते की बोटे चिरल्यावाचून टोपली भरत नाही. शेतीत रिकाम्या कवचांच्या माळा पाण्यात टांगतात. तरंगती पिल्ले त्यांना चिकटतात आणि पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून वाढतात, म्हणून खाद्याचा खर्च येत नाही. इटलीत सर्जियस ओराटा हा रोमन गृहस्थ इसवी सनापूर्वीच कालवे पाळत होता. आपल्याकडे तुतिकोरिनच्या सागरी मत्स्य संशोधकांनी १९७० च्या दशकात तंत्र बसवले आणि पुढे केरळच्या अष्टमुडी सरोवरात ते रुजले. भवितव्याची मला खरी काळजी वाटते ती समुद्राच्या वाढत्या आम्लतेमुळे, कारण आम्ल पाण्यात पिल्लांना कवचच धरता येत नाही. अमेरिकेतील ओरेगॉनच्या बीजकेंद्रांत २००७ च्या सुमारास ती याच कारणाने मोठ्या प्रमाणावर मेली.

उत्तर (कराड, जि. सातारा) :
आपल्याला विकतात ते कालव नव्हे, नदीतला गोड्या पाण्यातला शिंपला. त्यात मोती होतो हे खरे, आणि भुवनेश्वरची केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्था त्याचे प्रशिक्षणही देते. मात्र शिंपल्यात मोत्याचा गाभा म्हणून मणी बसवल्यानंतर साधारण वर्ष-दीड वर्ष त्याला पाण्यातच ठेवावे लागते. मीही अशाच एका कंपनीला आगाऊ पैसे दिले होते. शिंपले मिळाले, पण मोती घ्यायला कोणीही फिरकले नाही. पैसे देण्याआधी खरेदीदार स्वतः शोधावा, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता :
दोघांचेही आभार. मार्चअखेर आमच्या तळ्यात ढोपरभरही पाणी उरत नाही, तेव्हा वर्षभर शिंपले ठेवायचे कोठे? उद्या त्या माणसाला नकार कळवतो.