ट्राम चालवणार कुठल्या रस्त्यावरून, ते आधी सांगा

ठाकूरद्वारची सून

काल लालडबा यांनी लिहिलं की भुयारी मेट्रो ३ म्हणजे ३७ हजार कोटींचा खड्डा आहे, तेवढ्या पैशांत अख्ख्या मुंबईत जमिनीवरून लाइट रेल, म्हणजे ट्रामसारखी हलकी गाडी, फिरली असती, आणि ‘१९६४ पर्यंत ट्राम होतीच की, तेव्हा कुणी भुयारं खणली होती?’ खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण पोळ्या लाटताना डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून वेगळा धागा.

प्रश्न एकच. कुठल्या रस्त्यावरून?

ठाकूरद्वारच्या नाक्यावर संध्याकाळी सहाला या. एका कडेला पार्किंग, दुसऱ्या कडेला डबल पार्किंग, मध्ये हातगाडी, हातगाडीमागे बेस्टची बस आणि बसमागे हॉर्न. रूळ टाकलेत तरी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कुणीतरी स्कूटर लावून दूध आणायला जाणार. बस निदान वळसा घालून पुढे जाते. ट्राम काय करणार? घंटा वाजवणार.

मी बोगद्याची आरती ओवाळत नाहीये. आमच्या गल्लीखालून मशीन गेलं तेव्हा रात्री फडताळातले पेले किणकिणायचे आणि सासूबाई अंथरुणातूनच म्हणायच्या, “आली गं बाई तुझी मेट्रो.” गिरगाव-काळबादेवीत इमारती पाडल्या, आमच्या ओळखीची दोन बिऱ्हाडं वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात राहिली. ते सगळं सोसून झालं. आधी चर्नी रोडपर्यंत चालत, मग स्लो लोकल, मग वांद्र्याला शेअर रिक्षाची मारामारी, असा सव्वा तास काढून मी बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, पोचायचे. आता अर्ध्या तासाच्या आत पोचते, तेही साडीची इस्त्री न मोडता. हे कुणी ‘खड्डा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

लालडबा

ताई, माझं नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

३७,२७६ कोटी भागिले ३३.५ किलोमीटर. किलोमीटरला अकराशे कोटींच्या वर. सुरुवातीला २३ हजार कोटी सांगितले होते, हे विसरायचं का? दिवसाला तेरा लाख प्रवाशांचं स्वप्न दाखवलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली त्या पहिल्या दिवशी दीड लाखाच्या आसपास माणसं. आचार्य अत्रे चौकाचं स्टेशन मे २०२५ मध्ये उघडलं आणि २६ तारखेला त्यात पाणी. स्टेशनचं पोहणं शिकून झालं, पण बारसं व्हायचं होतं.

आता तुमचा रस्ता. रस्ता नाही असं नाही, तो गाड्यांना दिलेला आहे. कोस्टल रोडला तेरा-चौदा हजार कोटी निघाले, तेव्हा कुणी ‘कुठल्या रस्त्यावरून’ विचारलं नाही, सरळ समुद्रात भराव टाकला. ठाकूरद्वारची ती डबल पार्किंग हलवायची कुणाच्यात धमक नाही, म्हणून तुम्ही-आम्ही वीस मीटर खाली जायचं. गाडीवाल्याला धक्का लागू नये म्हणून बाकीच्यांना जमिनीत गाडायचं, आणि त्यालाच विकास म्हणायचं.

आणि ट्रामची थट्टा करू नका. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम निघाली तिच्यात माझे आजोबा होते.

७.४९ डोंबिवली

तुमचं ‘वर की खाली’ चालू द्या. आमच्याकडे अजून ‘आत की बाहेर’ यावरच चर्चा आहे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. त्यांच्यासाठी किलोमीटरला किती कोटी? इथे सगळे गिरगाव, दादर, बीकेसी. मुंबई मुलुंडला संपते का?

चेंबूरचा चिकू

लाइट हवंय ना? आमच्याकडे होतं, घेऊन जा.

२०१४ मध्ये मोनोरेल आली तेव्हा मी पोराला खांद्यावर घेऊन रांगेत उभा होतो. २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनीला डबे जळले, दहा महिने बंद. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल थांबल्या, सगळा लोंढा मोनोत शिरला. गाडीची क्षमता १०४ टन, भरली १०९. दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून माणसं उतरवली. पुढच्या महिन्यात ती बंदच केली. मुंबईत हलकी गाडी आणलीत तरी माणसं हलकी होत नाहीत.

लालडबा

मोनोरेल म्हणजे लाइट रेल नव्हे!! ती एका तुळईवर रबरी चाकांनी चालते, हवेत. मी जमिनीवरच्या, दोन रुळांच्या गाडीबद्दल बोलतोय, जिच्यातून बंद पडली तर माणूस दार उघडून खाली उतरतो. मोनोचं पाप ट्रामच्या माथी मारू नका.

घोडबंदरचा त्रस्त

या वर-खाली खेळातला अनुभवी रुग्ण हजर आहे. ठाण्याच्या अंतर्गत वर्तुळाकार मेट्रोचं आधी ‘मेट्रो’ ठरलं. मग दिल्लीहून आलं की एवढी जड कशाला, लाइट करा. मग लाइटचा आराखडा. मग पुन्हा मेट्रो! शेवटी ऑगस्ट २०२४ ला मंजुरी, २९ किलोमीटर, २२ स्टेशनं, १२,२०० कोटी. म्हणजे किलोमीटरला ४२० कोटी, कारण तीनेक किलोमीटर सोडलं तर सगळी खांबांवर. ‘जड की हलकी’ ठरेपर्यंत माझ्या मुलीची दहावी होऊन ती इंजिनीअर झाली.

लालडबांना एक हिशेब. केंद्राने २०१९ मध्ये मेट्रोलाइटचे, म्हणजे हलक्या मेट्रोचे, जे निकष काढले त्यात एका दिशेने तासाला पंधरा हजार माणसं धरलीत. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-पाच हजार कोंबलेली असतात. म्हणजे तीन-चार लोकल आल्या की तुमची तासाभराची लाइट रेल भरली. ठाण्याच्या आत चालेल, दादरला नाही चालणार.

लालडबा

दादरला लोकल आहेच की! लोकलला समांतर मेट्रो घालायची आणि वर म्हणायचं लाइट पुरणार नाही. लाइट रेल लोकलला *काटकोनात* घालायची असते. पूर्व-पश्चिम. हे कुणी वाचतच नाही.

मेलबर्नकर अमोल

इकडे जवळपास २५० किमीचं ट्रामचं जाळं आहे, जगातलं सर्वांत मोठं. शहराच्या मध्यभागात तर फुकट. लोक शिस्तीत चढतात, उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात. मुंबईत हे का होऊ शकत नाही? इच्छाशक्ती लागते.

ठाकूरद्वारची सून

अमोल, तुमच्या शिस्तबद्ध मेलबर्नने शहराखालून नऊ किलोमीटरचा जोडबोगदा आणि पाच भुयारी स्टेशनं का खणली मग? एवढ्या ट्राम असताना? की तिथेही इच्छाशक्ती कमी पडली?

मेलबर्नकर अमोल

ते वेगळं प्रकरण आहे, शहराच्या मध्यातला ट्रेनचा वर्तुळाकार मार्ग (लूप) भरला होता म्हणून. पण ट्राम काढल्या नाहीत ना.

७.४९ डोंबिवली

थँक्यू म्हणतात म्हणे. आमच्याकडे उतरता आलं तरी देवाला थँक्यू म्हणतो.

परळचा काका

मी ट्राममध्ये बसलोय. आजोबा बसले होते असं नव्हे, मी स्वतः. बंद झाली तेव्हा आठ वर्षांचा होतो. डॉ. आंबेडकर मार्गावरून रमतगमत जायची, पोरं चालत्या ट्राममध्ये उडी मारून चढायची नि कंडक्टर आला की उतरायची. मजा होती, पण वेग विचारू नका. घाई असली की वडील म्हणायचे, ट्राम राहू दे, चालत जाऊ. दादर टीटी म्हणताना आजच्या पोरांना त्यातला एक टी ट्रामचा आहे हेही ठाऊक नसतं.

गॅसबत्ती

शेवटच्या ट्राममध्ये माझेही आजोबा होते. माझ्या बायकोचेही होते. आमच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांपैकी तिघांचे होते. त्या रात्री त्या ट्राममध्ये निदान दोन लाख माणसं असणार. बघा, क्षमतेचा प्रश्न तिथेच मिटला.

लालडबा

माझे खरोखर होते. गिरणीतून पाळी संपवून मुद्दाम बोरीबंदरला गेले होते. तिकीट जपून ठेवलं होतं.

गॅसबत्ती

टाका की फोटो.

लालडबा

२६ जुलैच्या पुरात गेलं.

गॅसबत्ती

किती सोयीचा पूर!

लालडबा

कुर्ल्याला आमच्या घरात छातीपर्यंत पाणी होतं. आईला माळ्यावर चढवून आम्ही रात्रभर बाहेर उभे होतो. कागदपत्रं, फोटो, माझी प्रमाणपत्रं, सगळं गेलं. ट्रामवर हवे तेवढे विनोद करा, ऐकून घेईन. त्या रात्रीवर नको. तुमच्यासारख्यांमुळेच इथे लिहावंसं वाटत नाही.

गॅसबत्ती

मला काय स्वप्न पडलं होतं? तिकिटावर बोललो, पुरावर नाही.

परळचा काका

अरे गॅसबत्ती, जरा ज्योत बारीक कर. आणि लालडबा, तूही धागा सोडून जाऊ नकोस. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या वेळी डांबराखाली ट्रामचे जुने रूळ सापडले होते. मी खास बघायला गेलो. बाजूला उभा असलेला एक कॉलेजचा मुलगा मला विचारतो, “काका, ही लोकल इथून जायची?” त्याला सांगत बसलो तर अर्धा तास गेला, शेवटी त्यानेच मला वडापाव दिला.

गॅसबत्ती

बरं, चुकलं. पूर मागे घेतो. तिकिटाबद्दलची शंका ठेवतो.

चेंबूरचा चिकू

मूळ मुद्द्यावर या रे. कोलकात्यात देशातली सगळ्यात जुनी भुयारी मेट्रो, १९८४ ची, आणि ट्राम त्याच्याही शंभर वर्षं आधीची. म्हणजे दोन्ही एकत्र नांदले. आणि आता तिथल्या सरकारने सांगितलंच आहे की मैदानाजवळचा एक तुकडा ठेवून ट्राम बंद. कारण काय, तर वाहतूक कोंडी. ट्राम आधीपासून होती, कोंडी नंतर आली, आणि जायचं कुणी? ट्रामने.

लालडबा

हेच! हेच मी पहिल्यापासून बोंबलतोय.

ठाकूरद्वारची सून

नाही हो लालडबा, हे तुमच्या विरुद्ध जातं. रुळांवरून चालू असलेली, दीडशे वर्षांची ट्राम जिथे रस्त्यावर टिकवता येत नाही, तिथे आपण नव्याने कुठून टाकणार? तुमचं तत्त्व बरोबर असेल. तत्त्वावरून मला सकाळी साडेनऊला बीकेसीला जाता येत नाही.

लालडबा

म्हणजे गाडीवाला दांडगा आहे म्हणून आपण शरण. मग तसंच लिहा ना, ‘लाइट रेल वाईट’ कशाला लिहिता?

ठाकूरद्वारची सून

‘वाईट’ मी कुठेही लिहिलेलं नाही, वर जाऊन वाचा. पण हो, शरण आहे. झालं समाधान?

घोडबंदरचा त्रस्त

यात बस कुणाच्याच तोंडी नाही. जमिनीवरची, स्वस्त, आजच्या आज वाढवता येणारी. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं तेव्हा एकही असा धागा निघाला नाही. लालडबा हे नाव घेऊनही तुम्ही बसबद्दल एक अक्षर काढलं नाहीत, नाव बदलून ट्रामडबा करा.

लालडबा

हा बाण मात्र लागला.

७.४९ डोंबिवली

ताई, एक राहिलं. नाक्यावर रोज दूध आणायला जाणारी ती स्कूटर कुणाची? फार बारकाईने वर्णन केलंयत.

ठाकूरद्वारची सून

ह्यांची.

गॅसबत्ती

😂😂😂 धागा बंद करा, निकाल लागला.

ठाकूरद्वारची सून

हसा. चाळीत जागा कुठे आहे लावायला? आणि लालडबा, पार्किंग उठवायचं तुमचं म्हणणं मला पटतं, हे मी आमच्या घरात बोलू शकत नाही, म्हणून इथे बोलते. दिराची चारचाकीही तिथेच असते.

बरं, कुणाला माहीत असेल तर सांगा. मंगळवारी सासूबाईंना सिद्धिविनायकला न्यायचंय. त्यांचे गुडघे गेलेत, पायऱ्या जमत नाहीत. मी रोज धावत जिन्याने उतरते, त्यामुळे लिफ्टकडे कधी बघितलंच नाही. दोन्ही टोकांना रस्त्यापासून फलाटापर्यंत लिफ्ट मिळते का, की मध्ये चालावं लागतं?

लालडबा

मिळते, पण एका लिफ्टने थेट फलाटावर जात नाही. तिकिटाच्या मजल्यावर उतरून पुढे चालायचं, मग दुसरी. मी आईला नेलं होतं. मंगळवारी गर्दी असते, पहाटेच निघा. आणि तिकीट वर असतानाच मोबाइलवर काढा, मला खाली रेंज मिळाली नव्हती, खिडकीपाशी आईला उभं करून सुट्टे शोधत बसलो.

ठाकूरद्वारची सून

म्हणजे तुम्ही आईंना मेट्रो ३ ने नेलंत?

लालडबा

ट्राम नव्हती ना, ताई.