चिलखताने प्रश्न सुटत नाही

चिलखत वाढवले की युद्धातले हेलिकॉप्टर सुरक्षित होईल, हे म्हणणे मला पटत नाही. वजन वाढले की भार उचलण्याची क्षमता घटते, आणि कारगिलसारख्या विरळ हवेत ती मुळातच अपुरी पडते. शिवाय शेपटीचा पंखा चिलखतात बसवणार कसा? १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत अमेरिकेचे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर शेपटीलाच रॉकेट लागून गरगरत कोसळले. शिवाय आवाज लपत नाही: आमच्या ठाणे शहरात येऊरच्या डोंगराआडचे हेलिकॉप्टरही दिसण्याआधी ऐकू येते, मग दबा धरून बसलेल्या सैनिकाला वेगळी सूचना कशाला हवी? २८ मे १९९९ रोजी कारगिल युद्धात तोलोलिंग शिखराजवळ पाडले गेलेले आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर तर फ्लेअरविनाच, म्हणजे क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या जळत्या गोळ्यांविनाच, गेले होते. तापलेल्या इंजिनाचा माग काढणाऱ्या स्टिंगर क्षेपणास्त्राला चकवायला त्याच्याकडे काहीच नव्हते. त्यानंतर हवाई दलाने हल्ल्याच्या कामातून ही हेलिकॉप्टरे काढून घेतली.